कोल्ह्यांसाठी विमानातून लस: युरोपात जमलं, मग मुंबईत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा. 2024 मध्ये मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यांना रेबीज झाल्याचं तपासणीत निष्पन्न झालं. त्याच भागात राहणाऱ्या एका वाचकाने विचारलंय, की युरोपात विमानातून लस भरलेली आमिषं टाकून जंगली जनावरांमधला रेबीज संपवला म्हणतात, मग आपल्या खारफुटीत तशी आमिषं टाकायला काय हरकत आहे? आणि दरम्यान कोल्हा चावलाच तर काय करायचं?

मी जनावरांचा डॉक्टर. काही वर्षं जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत खोकडांचे नमुने तपासायचं काम केलं, आता महाराष्ट्रात कुत्र्यांच्या लसीकरणात आहे. युरोपातली हकीकत खरी आहे. प्राण्यांच्या रोगांच्या इतिहासात इतकं स्वच्छ यश फार थोड्या वेळा मिळालंय. पण ते मिळालं ते लस चांगली होती एवढ्यावर नाही. विषाणू नेमका कोणत्या प्राण्याच्या आधाराने टिकून आहे हे तिथल्या लोकांनी आधी ओळखलं, आणि त्या एकाच प्राण्याच्या खाण्याच्या, हिंडण्याच्या, पिल्लं घालण्याच्या सवयींवर सगळी मोहीम बेतली. आपल्याकडे विषाणू टिकून आहे तो कुत्र्यात. म्हणून खारफुटीत आमिषं टाकायला माझा आज तरी विरोध आहे. तोंडावाटे लस द्यायला मात्र विरोध नाही, उलट तिची आपल्याला गरज आहे. फक्त ती वेगळ्या तोंडात जायला हवी.

आधी युरोप. तिथे प्रश्न होता लाल खोकडाचा. बालपुस्तकांत त्याला कोल्हाच म्हणतात, पण आपला सोनेरी कोल्हा वेगळा. तो लांडग्याच्या जवळचा. खोकड लहान, एकटा शिकार करणारा, जोडीने हद्द राखणारा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पोलंडच्या पूर्व सीमेकडून खोकडांमध्ये रेबीजची लाट सुरू झाली आणि दर वर्षी वीस ते साठ किलोमीटर या वेगाने पश्चिमेकडे सरकत राहिली. 1967 मध्ये ती स्वित्झर्लंडमध्ये पोचली, 1968 मध्ये फ्रान्समध्ये. खोकडांकडून गायी-मेंढ्यांना, मांजरांना, कुत्र्यांना. कुत्र्यांचं लसीकरण तिथे बऱ्यापैकी होतं, त्यामुळे माणसं फार मेली नाहीत, पण चावा बसलेल्या माणसांना इंजेक्शनं देत राहण्याचा आणि गुरं दगावण्याचा खर्च वर्षानुवर्षं चालू राहिला.

पहिला उपाय सगळीकडे सुचतो तोच झाला: मारा. बंदुका, विष, बिळांत विषारी वायू. त्याने लाट थांबली नाही. खोकडाची हद्द मोकळी झाली की महिन्याभरात शेजारची तरुण खोकडं ती बळकवायला येतात. त्यात भांडणं होतात, चावे होतात, आणि रेबीज चाव्यातूनच पसरतो. शिवाय अन्न तेवढंच आणि खाणारी तोंडं कमी म्हटल्यावर उरलेल्या माद्यांची पिल्लं जास्त जगतात. लस घेतलेलं खोकड मात्र आपली हद्द सोडत नाही आणि आजारी पाहुण्याला आत टिकू देत नाही. एका अर्थी ते त्या पट्ट्यात फुकटची राखण करतं. हा मुद्दा भटक्या कुत्र्यांनाही तंतोतंत लागू आहे. गल्लीतली लस घेतलेली कुत्री उचलून नेली की त्यांच्या जागी लस न घेतलेली येतात, हे मी दर वर्षी पाहतो.

पण रानातल्या खोकडाला सुई कोण टोचणार? तोंडावाटे लस देता येईल ही कल्पना प्रयोगशाळेत सिद्ध केली ती अमेरिकेतल्या जॉर्ज बेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1971 च्या आसपास. ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. माणसाला किंवा कुत्र्याला टोचतो ती रेबीजची लस मेलेल्या विषाणूची असते, आणि ती तोंडाने दिली तर काहीच उपयोग होत नाही. तोंडावाटे द्यायची लस जिवंत विषाणूचीच लागते, दुबळा केलेला का होईना. त्यातही ती पोटात जाऊन चालत नाही, जठरातल्या आम्लात विषाणू मरतो. ती तोंडातल्या ओल्या अस्तराला, विशेषतः टॉन्सिलना लागायला हवी. म्हणजे प्राण्याने आमिष गिळून टाकलं तर लस वाया. चावलं, आतली पुडी दातांनी फुटली, द्रव तोंडभर पसरला, तरच काम झालं. या एका अडचणीभोवती पुढची सगळी कारागिरी फिरते, आणि प्राणी बदलला की ती कारागिरी नव्याने करावी लागते, कारण प्रत्येक प्राण्याची चावायची पद्धत वेगळी.

स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्झ श्टेक आणि अलेक्झांडर वांडेलर यांच्या गटाने ऑक्टोबर 1978 मध्ये पहिला प्रयोग केला. जागा निवडली ती ऱ्होन नदीचं खोरं. जिनिव्हा सरोवराच्या पूर्व टोकाकडून लाट त्या खोऱ्यात वर चढत होती. दोन्ही बाजूंना आल्प्सचे कडे, मध्ये अरुंद सपाटी. खोकडं डोंगर ओलांडून फार जात नाहीत, त्यामुळे दरीचं तोंड बंद केलं की झालं. आमिष होतं कोंबडीची मुंडकी. कत्तलखान्यातून फुकटात मिळणारी, खोकडांना प्रिय, आणि कातडीखाली लसीची छोटी पुडी सरकवायला सोयीची. अशी चारेक हजार मुंडकी लोकांनी हाताने नेऊन ठेवली. लाट त्या पट्ट्याशी येऊन थांबली, वरची दरी वाचली. मग एकेक खोरं घेत ते पुढे सरकले. श्टेक यांना शेवट पाहता आला नाही. 1982 मध्ये याच कामावर असताना हेलिकॉप्टरच्या अपघातात ते गेले. स्वित्झर्लंड रेबीजमुक्त जाहीर झाला 1999 मध्ये.

कोंबडीच्या मुंडक्यांवर अख्खा खंड चालत नाही. पश्चिम जर्मनीत ट्युबिंगनच्या लोथार श्नायडर यांच्या गटाने मासळीची भुकटी आणि चरबी यांची, कारखान्यात साच्यातून निघणारी वडी बनवली. आत लसीची पुडी, आणि चरबीत थोडं टेट्रासायक्लिन. हे औषध म्हणून नव्हतं, खूण म्हणून होतं. ते पुढे सांगतो. 1983 पासून जर्मनीत मोहीम सुरू झाली. हळूहळू हाताने टाकायचं काम छोट्या विमानांवर आलं, विमानात ठरावीक अंतराने आमिष सोडणारं यंत्र, आणि नंतर उपग्रहावरून प्रत्येक आमिष कुठे पडलं त्याची नोंद. सुरुवातीला चौरस किलोमीटरला पंधराच्या आसपास आमिषं पडत, अनुभवानंतर वीस-पंचवीसपर्यंत नेली. उड्डाणांच्या ओळींमधलं अंतर किलोमीटरवरून अर्ध्या किलोमीटरवर आणलं. मोहिमा वर्षातून दोन, वसंतात आणि शरदात. पिल्लं मार्च-एप्रिलमध्ये जन्मतात, वसंतातल्या मोहिमेत ती आमिष खाण्याइतकी मोठी नसतात, आणि आईकडून आलेली प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातली रोगाला अडवणारी प्रथिनं, लसीच्या आड येतात. शरदात तीच पिल्लं घर सोडून पांगतात. म्हणजे लाट पुढे नेणारी पिढी नेमकी तेव्हा हाती लागते. दोन मोहिमांची रीत या हिशोबातून आली.

आता प्रयोगशाळेतलं काम, कारण या यशाचा पाया मला तिथे दिसला. आमिषं टाकून कोणी टाळ्या पिटत नसे. शिकारी लोक ठरल्याप्रमाणे खोकडं मारून आणून देत. लसीकरण झालेल्या प्रदेशात दर शंभर चौरस किलोमीटरमागे वर्षाला चार खोकडं, हे माप. प्रत्येकाचा मेंदू काढायचा, पातळ ठसा घ्यायचा, चमकणारी प्रतिपिंडं घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. सफरचंदासारखी हिरवी चमक दिसली की रेबीज. मग त्याच खोकडाचा जबडा घ्यायचा, सुळा किंवा हाड कापून चकती करायची आणि अतिनील प्रकाशात धरायची. टेट्रासायक्लिन वाढत्या दातात आणि हाडात जाऊन बसतं आणि तिथे पिवळी रेघ चमकते. म्हणजे याने आमिष खाल्लंय. तिसरी तपासणी रक्तातल्या प्रतिपिंडांची. रक्त बऱ्याचदा सडलेलं, गोळीने फाटलेल्या छातीतलं पाणी घेऊन भागवावं लागे.

आणि इथे गंमत असे. दातात पिवळी रेघ आहे, पण रक्तात प्रतिपिंडं नाहीत, अशी खोकडं नेहमी सापडत. वडी खाल्ली, पुडी थुंकली. किंवा पुडी अख्खी गिळली. एखाद्या भागात दात पिवळे आणि रक्त कोरं असं प्रमाण वाढलं की ते कळवायचं, आणि मग आमिषाचा आकार, पुडीचं आवरण, लसीची ताकद, साठवणीचं तापमान, सगळं पुन्हा तपासलं जाई. सत्तर टक्क्यांच्या आसपास खोकडं सुरक्षित झाली तर साखळी तुटते असा अंदाज धरून काम चालायचं. तो आकडा विमानातून किती आमिषं पडली यावरून कधीच काढला नाही, तपासायला आणलेल्या खोकडांवरून काढला. आपल्याकडे एखादी मोहीम संपल्यावर 'इतके डोस दिले' एवढीच बातमी येते तेव्हा मला हटकून ती चकती आठवते.

निम्म्या देशात रेबीज लवकर संपला आणि उरलेल्या थोड्या भागात हट्टाने टिकून राहिला, असं बहुतेक ठिकाणी झालं. रानडुकरं आमिषं मटकावतात, तीही पोटभर. मोहिमांच्या तारखा शेजारच्या राज्यांनी एकमेकांत जुळवल्या नाहीत की सीमेवर भगदाड पडे. शहरांच्या कडेला, जिथे विमानातून काही टाकता येत नाही, तिथे बागांत आणि रेल्वेच्या कडेने राहणारी खोकडं सुटत. फ्रँकफुर्टच्या आसपासच्या दाट वस्तीत असंच झालं. शेवटी माणसं पायी फिरून आमिषं ठेवत गेली. जर्मनीतलं शेवटचं रेबीज झालेलं खोकड 2006 मध्ये सापडलं आणि देश मुक्त जाहीर झाला 2008 मध्ये. सुरुवात 1983 ची. म्हणजे पंचवीस वर्षं. शेवटच्या काही वर्षांत 'आता रोगच दिसत नाही, तर खर्च कशाला' असं म्हणणारे सगळीकडे निघाले. ज्यांनी त्यांचं ऐकलं त्यांना पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. इटली 1997 मध्ये मुक्त झाला होता. 2008 मध्ये ईशान्येकडच्या सीमेवरून रेबीज परत आला, घाईने हेलिकॉप्टरं उडवावी लागली, आणि 2013 मध्ये तो देश पुन्हा मुक्त झाला. पोलंडमध्ये जवळजवळ संपलेला रोग 2021 मध्ये वॉर्साच्या भोवताली पुन्हा उसळला.

एक बाजू फारशी कोणी सांगत नाही. रेबीज हटला तशी खोकडं वाढली, खूप वाढली, आणि झुरिकसारख्या शहरांत वस्तीला आली. त्यांच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी असतो, ज्याच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतात गाठीसारखा वाईट आजार होतो. स्वित्झर्लंडमध्ये खोकडं वाढल्यानंतर काही वर्षांनी तो आजारही वाढला. म्हणून रेबीज ठेवायला हवा होता असं नाही. पण जंगली प्राण्याच्या एका रोगात हात घातला की बाकीचं चित्रही हलतं, हे आधी धरून चालावं.

लसींबद्दल थोडं. सुरुवातीच्या लसी एकाच घराण्यातल्या, 1935 मध्ये अमेरिकेत अलाबामातल्या पिसाळलेल्या कुत्र्याकडून घेतलेल्या विषाणूपासून दुबळ्या केलेल्या. त्या बहुतांशी चांगल्या ठरल्या, पण लसीच्याच विषाणूने रेबीज झालेली मोजकी खोकडं युरोपात सापडली. म्हणून पुढे त्याच विषाणूत जाणूनबुजून बदल करून आणखी सौम्य लसी केल्या गेल्या. दुसरी वाट फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटने आणि स्ट्रासबूर्गच्या ट्रान्सजेन कंपनीने काढली. देवीच्या लसीचा विषाणू घेऊन त्यात रेबीजच्या आवरणाचं फक्त एक प्रथिन बसवलं. रेबीज होण्याची शक्यताच नाही. बेल्जियम आणि फ्रान्स या लसीच्या मदतीने मोकळे झाले. पण तिचीही एक अडचण आहे. 2000 मध्ये अमेरिकेत ओहायोत एका महिलेने कुत्र्याच्या तोंडातून असं आमिष ओढून काढलं, कुत्र्याने हात चावला आणि तिला देवीच्या लसीच्या विषाणूचा संसर्ग झाला. ती बरी झाली. लाखो आमिषांमागे अशी प्रकरणं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. पण ओहायोतल्या जंगलाच्या कडेला वस्ती केवढी आणि गोवंडी-मानखुर्दला केवढी, याचा विचार करा.

अमेरिकेकडे पाहिलं तर प्राणी बदलल्यावर काय होतं ते दिसतं. तिथे पूर्व किनाऱ्याला रेबीज रॅकून नावाच्या लहान रानटी प्राण्यात आहे. 1977 च्या सुमारास दक्षिणेकडून शिकारीसाठी आणून सोडलेल्या रॅकूनांबरोबर तो वेस्ट व्हर्जिनियात आला आणि किनाऱ्याने वर पसरला. रॅकून खोकडापेक्षा कितीतरी दाट राहतात, आमिष हातात घेऊन चिवडतात. त्यांच्यासाठी चौरस किलोमीटरला 75 आमिषं टाकावी लागतात. ईरी सरोवरापासून अॅपलाचियन डोंगरांच्या कडेने दक्षिणेपर्यंत लसीचा एक पट्टा राखलाय, म्हणजे रोग पश्चिमेला जाऊ नये. रोखलाय, संपवलेला नाही. स्कंक नावाच्या प्राण्याला तर तीच लस नीट लागू पडत नाही. वटवाघळांचं काय करायचं याचं मैदानात चालणारं उत्तर अजून कोणाकडेच नाही.

पण टेक्सास वेगळं आहे, आणि मुंबईच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. 1988 पासून दक्षिण टेक्सासमध्ये कायोटींमध्ये रेबीज पसरू लागला. कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा अमेरिकेतला भाऊबंद म्हणा. विषाणू तपासला तर तो कुत्र्यांचा निघाला. सीमेपलीकडच्या कुत्र्यांकडून कायोटींमध्ये गेला आणि तिथेच रुजला, मग कायोटी कायोटीला चावून तो पुढे सरकू लागला. 1995 पासून विमानातून आमिषं टाकायला सुरुवात झाली, आणि 2007 मध्ये अमेरिकेने कुत्र्यांचा रेबीज देशातून गेल्याचं जाहीर केलं.

आता तुम्ही म्हणाल, मग आपल्याकडेही हेच होत असेल तर? रास्त शंका आहे. इस्रायलचं उदाहरण तर आणखी जवळचं, कारण तिथे आपलाच सोनेरी कोल्हा आहे. तिथे 1998 पासून खोकडांसाठी आमिषं टाकली जातात, खोकडांतला रेबीज पुष्कळ उतरला. आणि मग 2017 च्या सुमारास उत्तरेकडच्या खोऱ्यांत कोल्ह्यांमध्ये मोठी साथ आली. उघड्यावर टाकलेल्या कोंबड्यांच्या आणि शेतीच्या कचऱ्यावर तिथे कोल्हे दाट झाले होते. म्हणजे सोनेरी कोल्हा विषाणू स्वतःच्या बळावर चालवू शकतो, पण त्यासाठी तो तेवढा दाट आणि सलग पसरलेला हवा.

मुंबईचे कोल्हे खारफुटीच्या तुकड्यांत अडकलेत. ठाणे खाडीच्या कडेला, ट्रॉम्बेकडे, पलीकडे नवी मुंबईत. संख्या थोडी, तुकडे रस्त्यांनी आणि इमारतींनी तोडलेले. भोवताली कुत्री मात्र हजारोंनी, आणि दोघांचं जेवण एकाच कचऱ्यावर. अशा ठिकाणी कोल्ह्यात रेबीज सापडला तर माझा पहिला अंदाज कुत्र्याकडून आल्याचा असेल. कोल्हा तिथे रोगाचा बळी, फार तर एक-दोन टप्पे पुढे नेणारा. हा अंदाज तपासता येतो. मेलेल्या प्रत्येक कोल्ह्याचा मेंदू आणि त्याच भागातल्या रेबीज झालेल्या कुत्र्यांचे मेंदू, दोन्हींतल्या विषाणूची जनुकं वाचून ताडून पाहायची. कोल्ह्यांमधले विषाणू कुत्र्यांमधल्या विषाणूंच्या वंशवृक्षाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर विखुरलेले निघाले तर तो कुत्र्यांचाच रोग, कोल्ह्यांत वारंवार सांडणारा. एकाच फांदीवर, वर्षानुवर्षं, कुत्र्यांपासून दूर जात असलेले निघाले, तर माझं मत बदलेल आणि मी स्वतः आमिषांची मागणी करीन.

समजा आजच आमिषं टाकली, तर काय होईल तेही पाहा. पहिल्या रात्रीत कुत्री, उंदीर-घुशी, कावळे, मांजरं आणि डुकरं ती साफ करतील. कोल्ह्याच्या वाट्याला किती येतील देव जाणे. भरतीच्या पाण्यात काही वाहून जातील. युरोपातली लस साधारण पंचवीस अंशांत आठवडाभर ताकद टिकवावी अशा मापाने बनते. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या जमिनीवर काय तापमान असतं ते सांगायला नको. कचरा वेचणारी मुलं त्याच कडेने फिरतात, आणि पुडीत जिवंत विषाणू आहे. आणि परिणाम मोजायचा कसा? आपण शिकाऱ्यांकडून कोल्हे मागवू शकत नाही, मागवू नयेतही. म्हणजे दातातली ती पिवळी रेघ बघायची सोय नाही. ज्याचा परिणाम मोजता येणार नाही अशी जिवंत लस उघड्यावर टाकायला मी सही करणार नाही.

याउलट जिथे जंगली प्राणी स्वतःच संपायच्या काठावर आहे तिथे हिशोब बदलतो. इथिओपियात बाले पर्वतातले लांडगे बघा. जगात पाचशेहून कमी उरलेत, आणि गुराख्यांच्या कुत्र्यांकडून रेबीज आला की एका दरीतले तीन-चतुर्थांश लांडगे जातात. 2003-04 मध्ये तसंच झालं. तिथे आधी वर्षानुवर्षं कुत्र्यांना लस टोचली, ती पुरेना, म्हणून बकरीच्या मांसातून लस देऊन बघितली, आणि 2018 पासून लांडग्यांना तोंडावाटे लस द्यायची मोहीम रीतसर सुरू झाली. माणसं लांडग्यांच्या वावराच्या जागी जाऊन आमिष ठेवतात. कळप ओळखीचे आहेत, त्यामुळे कोणी खाल्लं ते कळतं. महाराष्ट्रातल्या माळरानावरच्या लांडग्यांसाठी उद्या असं काही करावं लागलं तर मी हाच नमुना समोर ठेवीन, विमानाचा नाही. आणि त्या लांडग्यांनाही रेबीज येतो तो मेंढपाळांच्या आणि गावच्या कुत्र्यांकडूनच, तेव्हा सुरुवात तिथूनच होणार.

आता मघाशी म्हटलेलं वेगळं तोंड. गोव्यात मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून कुत्र्यांचं लसीकरण गावोगावी नेलं, जाळीने पकडायचं, टोचायचं, रंगाची खूण करायची, सोडायचं. कुत्र्यांमधला रेबीज नव्वद टक्क्यांहून जास्त घटला आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. पण जाळी म्हणजे गाडी, पाच-सहा धडधाकट माणसं आणि भरपूर धावपळ. आणि एकदा जाळी पाहिलेली कुत्री पुढच्या वर्षी गाडीचा आवाज ऐकूनच पळतात. त्या कुत्र्यांसाठी गोव्यात एक प्रयोग झाला. लस नसलेली रिकामी पुडी आमिषात घालून दुचाकीवरच्या माणसांनी कुत्र्यांना हातोहात टाकून पाहिली. एका माणसामागे दिवसाला हाती लागणारी कुत्री जाळीच्या पद्धतीपेक्षा कितीतरी पट निघाली. थायलंडमध्ये हीच रीत खऱ्या लसीसह मैदानात उतरली आहे. यात आमिष सोडून निघून जायचं नसतं. कुत्र्यापुढे टाकायचं, तो चावतोय का ते उभं राहून बघायचं, फुटलेली पुडी उचलून घ्यायची, नाही खाल्लं तर आमिषही परत घ्यायचं. त्यामुळे मुलांच्या हाती काही लागत नाही, आणि कोणत्या गल्लीत किती कुत्र्यांनी खाल्लं याची नोंद राहते. जागतिक आरोग्य संघटनाही टोचण्याला जोड म्हणून ही पद्धत सुचवते. जोड म्हणून, पर्याय म्हणून नव्हे: जे कुत्रं हाताळता येतं त्याला सुईच.

चेंबूर-ट्रॉम्बेपुरतं बोलायचं तर खारफुटीला लागून असलेल्या सगळ्या वस्त्यांमध्ये दर वर्षी सत्तर टक्के कुत्र्यांना लस, आणि हातात न येणाऱ्या, खाजणाच्या कडेने राहणाऱ्या कुत्र्यांसाठी परवानगी मिळवून तोंडावाटे लस. कोल्हे आणि ही कुत्री जिथे समोरासमोर येतात तो पट्टा हाच. सोबत उघडा कचरा बंद. कोल्ह्यांना कोणी कोंबडीचं उरलंसुरलं टाकत असेल तर तेही बंद, फोटोसाठी असलं तरी. आणि मेलेला किंवा झिंगलेला कोल्हा दिसला तर वनखात्याला कळवायचं, हात न लावता, म्हणजे मेंदू सडायच्या आत प्रयोगशाळेत जाईल.

चाव्याबद्दल विचारलंय. कोल्हा, मुंगूस, लांडगा, कोणताही जंगली मांसाहारी प्राणी चावला किंवा त्याच्या दाताने कातडी फाटली तर ती सर्वांत गंभीर श्रेणीची जखम धरायची, रक्त कमी आलं तरी. कुत्र्यासारखं दहा दिवस नजर ठेवू, मग बघू, असं इथे करायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. मग आयोडीन. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लसीचा पहिला डोस, आणि जखमेत व जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. ते मागून घ्या, कारण लस काम सुरू करेपर्यंतचे दिवस तेच सांभाळतं. पुढचे डोस तारखेप्रमाणे पूर्ण करा. टाके शक्यतो लगेच घालू नयेत, घालावेच लागले तर आधी इम्युनोग्लोब्युलिन.